पडणं शिकवणाऱ्या शशीताई

अठ्ठ्याऐंशी साली पनवेलमध्ये ‘मी ज्युदो शिकतो’ असं सांगितलं की लोक हाताची कडा हवेत फिरवून विचारायचे, “म्हणजे कराटेच ना? विटा फोडता का?” विटा आम्ही कधीच फोडल्या नाहीत. आम्ही एकमेकांना पाडायचो, आणि त्याच्या दुप्पट वेळ नुसतं पडायचो. उरण नाक्याच्या पुढे एक बंद पडलेली भातगिरणी होती. तिच्या गोदामात भाताचा तूस जाड पसरून वर ताडपत्री घट्ट ताणलेली असायची. तीच आमची मॅट. घरी गेलं तरी अंगाला तुसाचा वास यायचा.

शिकवायला जुडाह वाकरूळकर सर होते. मी तळोज्याच्या ज्या कारखान्यात लॅबमध्ये होतो, तिथेच ते स्टोअर्स सांभाळायचे. त्यांचं घराणं मूळचं अलिबागकडचं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात सगळं मराठीतच चालायचं. फक्त शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायचा, म्हणून त्या दिवशी क्लास बंद. तरुणपणी मुंबईत ज्युदो शिकलेला हा माणूस बुटका, टक्कल पडलेला आणि बोलायला अगदी मऊ होता. पहिले तीन महिने ते कुणालाच डाव शिकवायचे नाहीत. मागे पडा, बाजूला पडा, कोलांटी घेऊन पडा, हात ताडपत्रीवर आपटा, हनुवटी छातीशी ठेवा. निम्मी मुलं कंटाळून तिथेच गळायची.

गळणाऱ्यांत एक अनुया टिपणीस होती, दहा वर्षांची. तिला सोडायला तिची आई यायची आणि क्लास संपेपर्यंत दाराजवळच्या बाकावर बसून राहायची. त्या शशिकला टिपणीस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. त्यांचा आवाज पनवेलमधल्या पुष्कळ लोकांना ओळखीचा होता, नागपूरचा कॉल लावून द्यायला सांगितलं की तो आवाज म्हणायचा, “जरा थांबा हं, जोडते.” चेहरा मात्र फार थोड्यांना माहीत होता. वय एकोणचाळीसच्या आसपास, उंच, अंगाने चांगल्या भरलेल्या. बाकावर बसताना आपण जागा फार व्यापतो असं वाटत असल्यासारख्या त्या एका टोकाला आक्रसून बसायच्या.

अनुयाने महिनाभरात सांगून टाकलं की तिला हे आवडत नाही, तिला बॅडमिंटन खेळायचंय. ते सांगायला शशिकलाबाई सरांकडे आल्या. सर म्हणाले, “काही हरकत नाही. तिचं तिला कळतंय, चांगलं आहे. तुमचं काय?”

“माझं काय?”

“महिनाभर बघताय. मुलं पडतात तेव्हा तुमचा हात बाकावर आपटतो. तुम्हाला माहीत नसेल.”

त्या लाजल्या. पण सोमवारी आल्या, सलवार-कमीजवर सरांचं जुनं जॅकेट घालून. ते पुढून पुरं बंद होत नव्हतं. पहिल्यांदा मागे पडताना त्या इतक्या घाबरल्या की उकिडव्या बसल्या त्या बसूनच राहिल्या. सर घाई करत नसत. आम्ही बाकीच्यांनी आमचं चालू ठेवलं. बऱ्याच वेळाने ताडपत्रीवर ‘थाप’ असा आवाज झाला आणि पाठोपाठ हसण्याचा. त्या उताण्या पडून छताच्या पत्र्याकडे बघत हसत होत्या.

पुढे त्यांनी मला सांगितलं, “गुरु, लग्न झाल्यापासून मी जमिनीवर अशी लोळलेच नव्हते रे. झोपायचं तेही कुशीवर, आवरून. त्या दिवशी वाटलं, अरे, जमीन आहे की इथे!”

मला त्या गुरु म्हणत, मी त्यांना शशीताई. माझं नाव गुरुदत्त भोपी, गाव कोन. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, हिरवा पट्टा मिळालेला, आणि स्वतःवर बऱ्यापैकी खूश असलेला.

शशीताईंना आपल्या वजनाची आयुष्यभर लाज वाटत आलेली. ज्युदोत त्याच वजनाला किंमत होती. सर म्हणायचे, “समोरचा ढकलतोय? ढकलू द्या. तो कुठे निघालाय ते बघा आणि त्याला तिथेच पोचवा.” शशीताई पाय रोवून उभ्या राहिल्या की आम्हाला त्या हलायच्या नाहीत, आणि आम्ही जोर लावला की आमच्याच जोरावर आम्ही त्यांच्या कमरेवरून पलीकडे. दोन वर्षांत त्या चांगल्या तयार झाल्या. चालण्यात फरक पडला. बाकाच्या मधोमध बसायला लागल्या.

घरी मात्र हे सोपं नव्हतं. नवरा कुमार टिपणीस शांत माणूस. बायको खूश आहे ना, मग झालं, असा त्याचा हिशेब. सासूबाई चंद्रावती यांना ते मुळीच पटत नसे. सुनेने पुरुषांच्या अंगाला अंग लावून झोंबाझोंबी करायची, तीही चाळिशीत? त्या उघड भांडत नसत. पण आल्यागेल्यासमोर बोलायची एक संधी सोडत नसत.

नव्वद सालच्या मे महिन्यात एकदा घरी पाहुणे आले होते. कुणाच्या तरी लग्नाची बोलणी होती. शशीताई सरबत घेऊन बाहेर आल्या तेव्हा चंद्रावतीबाई म्हणाल्या, “ही आमची सून. घरात भाकरी थापते आणि संध्याकाळी बाप्यांना आपटते.” पाहुणे खो खो हसले. शशीताईंनी सरबत दिलं, पेले उचलले, विसळले आणि तशाच क्लासला आल्या.

हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी माझी त्यांच्याशी जोडी लागली होती. नेहमीचाच डाव, कमरेवरून टाकायचा. मी त्यांच्या हातून तो शेकडो वेळा खाल्ला असेल. पण त्या दिवशी मी वर गेलो आणि माझी बाही त्यांच्या हातातून सुटली. मी पाठीवर न पडता खांद्यावर पडलो. आतून कडकन आवाज आला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, हात गळ्यात बांधला. क्लासवर परत आल्यावर सरांनी शशीताईंना समोर बसवलं. हे संभाषण मला दोघांनीही नंतर सारखंच सांगितलं, म्हणून खात्रीने सांगतो.

“काय झालं?”

“जोर जास्त लागला सर.”

“जोराचं राहू द्या. बाही का सोडलीत?”

ज्युदोत पाडणाऱ्याने समोरच्याची बाही शेवटपर्यंत धरून ठेवायची असते. त्या आधारावर तो नीट वळतो आणि पाठीवर पडतो. ती सोडली की तो कुठेही, कसाही आदळतो. पहिल्या दिवसापासून सर हेच शिकवत आले होते.

शशीताई म्हणाल्या, “त्या वेळी माझ्यासमोर गुरु नव्हताच सर. दुसरंच कुणीतरी होतं.”

“मग ज्याला पाडायचं होतं तो पडला का?”

“नाही.”

“हं,” सर म्हणाले. “आता काही दिवस पाडायचं बंद. फक्त पडा. कुणालाही सराव करायचा असेल तर तुमच्यावर करेल. मी सांगेन तेव्हा थांबू.”

पुढच्या रविवारी शशीताई एसटीने कोनला आल्या. आमचं घर शोधत अंगणात आल्या तेव्हा माझी आई, रंभा, वाल सोलत बसली होती. आईला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं.

“तूच का गं ती? माज्या पोराचा हात मोडलास?”

“हो, मीच.”

आईने वाद घालायची तयारी केली होती. असं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, “आता त्याचं काम कोन करील? आंघोळीला बी त्याला दुसरा मानूस लागतो. आमी काय करावं?”

“मला नाही माहीत,” शशीताई म्हणाल्या. “काय करू सांगा.”

आईने वालांचं सूप त्यांच्या बाजूला सरकवलं. “बस मंग. सोल.”

त्या बसल्या. वालाची सालं हाताने काढायची त्यांना सवय नव्हती. आई दर दोन मिनिटांनी त्यांच्या हातातून दाणा घेऊन दाखवायची. दुपारपर्यंत दोघींनी आमच्या वस्तीतल्या सगळ्या सुना-सासवांची चर्चा संपवली. शशीताई निघाल्या तेव्हा आईने त्यांच्या पदरात मूठभर सोललेले वाल घातले. मला बरं वाटेपर्यंत त्या रविवारी येत राहिल्या. एका रविवारी आल्या नाहीत तर आईच म्हणाली, “ती टेलिफोनवाली आज आली नाय. बरी हाय ना?”

तिकडे क्लासवर त्यांचं पडणं सुरू झालं होतं. आठवीतल्या मुली, कॉलेजातली पोरं, कारखान्यातले आमचे शिफ्टवाले, जो येईल त्याच्यासमोर त्या उभ्या राहायच्या आणि पडायच्या. सुरुवातीला त्यांना ती शिक्षा वाटली. आपण मोठ्या, दोन वर्षं शिकलेल्या, आणि नवख्या मुलांनी आपल्याला पोत्यासारखं टाकायचं. पण काही आठवड्यांनी त्यांना मजा यायला लागली. शंभर वेगवेगळ्या हातांनी पडल्यावर प्रत्येकाचं काय चुकतं ते त्यांच्या पाठीला कळायला लागलं. कुणी घाबरून डोळे मिटतो, कुणाचा डावा पाय मागे राहतो, कुणी टाकण्याआधीच श्वास रोखतो. त्या उठून कपडे झटकत हळूच सांगायच्या, “बाळा, श्वास सोड आणि मग घे मला.” पोरांचे डाव सुधारायला लागले. पुढे पुढे मुली हट्ट धरायला लागल्या की आम्हाला शशीताईंनाच टाकायचं.

मी परतलो तेव्हा पावसाळा संपत आला होता. खांदा बरा झाला होता, पण मन कच्चं होतं. सरांनी मुद्दाम मला शशीताईंसमोर उभं केलं. आधी मी त्यांना टाकलं. मग सर म्हणाले, “बाई, आता तुम्ही.” कित्येक महिन्यांनी त्या पहिल्यांदा कुणाला पाडणार होत्या. त्यांनी मला कमरेवर घेतलं, टाकलं, आणि बाही इतकी घट्ट धरली की काखेतली शिवण टर्रकन उसवली. मी ताडपत्रीवर अलगद उतरलो, बाही त्यांच्या हातात लोंबत राहिली. सगळा क्लास हसला. शशीताई हसता हसता रडल्या.

घरीही त्यांनी एक गोष्ट बदलली. चंद्रावतीबाईंनी पुन्हा कधीतरी कुणासमोर ‘आमची पैलवान’ म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हो ना आई, आणि पैलवानाला सपाटून भूक लागलीय. काय केलंय आज?” सासूबाई म्हणाल्या, “वालाचं बिरडं.” मग दोघी जेवायला बसल्या. असं दोन-चारदा झाल्यावर तो शब्द आपोआप वापरातून गेला.

त्र्याण्णव साली जुडाह सरांनी सांगितलं की ते इस्रायलला जाणार आहेत. त्यांच्या पत्नी तमार यांचे भाऊ-बहिणी आधीच तिकडे गेले होते. आता मुलंही मागे लागली होती. निघण्याआधी त्यांनी घरी मलिदा ठेवला आणि क्लासमधल्या सगळ्यांना बोलावलं. मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, वर फळं. नवस फेडायला, शुभकार्याला त्यांच्याकडे तो असतो. प्रार्थना झाली, ताटं वाटली गेली. तमारबाई सगळ्यांना आग्रह करून वाढत होत्या आणि मधेच आत जाऊन डोळे पुसत होत्या.

क्लास कुणाकडे जाणार हे त्या दिवशी ठरायचं होतं. माझा पट्टा शशीताईंच्या वरचा होता, स्पर्धांमधून मी पदकंही आणली होती. मी मनात धरून चाललो होतो की मलाच मिळणार. सर म्हणाले, “क्लास बाई बघतील. गुरु त्यांच्याबरोबर असेल.”

मला वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं असावं. सरांनी मला गॅलरीत नेलं. “गुरु, डाव तुझे त्यांच्याहून चांगले आहेत. ते तूच शिकवायचेस. पण नवं माणूस दारातून आत येतं ना, ते भेदरलेलं असतं. त्याची भीती बाईंसमोर कमी होते. तुझ्यासमोर वाढते. तुझा दोष नाही, तू अजून सव्वीस-सत्तावीसचा आहेस.”

शशीताई आत तिसऱ्यांदा सांगत होत्या की त्यांना हे जमणार नाही. तमारबाई म्हणाल्या, “जमेल हो. आणि नाही जमलं तर पडाल. ते तर येतंच तुम्हाला.” तेव्हा कुठे त्या हसल्या आणि मलिद्याचं ताट हातात घेतलं.

आम्ही दोघांनी क्लास चालवला. मी डाव शिकवायचो, शशीताई पडणं. वर्षभरात मला सरांचं म्हणणं पटलं. मुली आणि बायका इतक्या यायला लागल्या की ताडपत्री वाढवावी लागली. एव्हाना एसटीडी घरोघरी पोचली होती, ट्रंक कॉल लावायला फारसं कुणी उरलं नव्हतं, आणि शशीताईंना बिलांच्या विभागात बसवलं होतं. त्या म्हणायच्या, “आवाज गेला, पाठ राहिली.”

पंच्याण्णव साली चंद्रावतीबाई मोरीत घसरल्या. काही मोडलं नाही, नुसता मुका मार. पण त्या दिवसापासून त्यांनी चालणंच सोडलं. भिंत धरून खोलीपासून मोरीपर्यंत, तेवढंच. तलावाकाठच्या देवळात रोज जाणाऱ्या बाई, खिडकीत बसून राहायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, हाडं वयाच्या मानाने चांगली आहेत, घाबरल्यात फक्त.

शशीताईंनी विचार केला आणि डॉक्टरांनाच विचारलं की बसल्या जागेवरून पडायला शिकवलं तर चालेल का. डॉक्टर गोंधळले, मग गादीवर, सांभाळून, असं म्हणाले. घरी येऊन त्यांनी खोलीभर गाद्या अंथरल्या.

“मला पाडणार आहेस?” चंद्रावतीबाई म्हणाल्या. “सुनेने सासूला पाडली, असं गावभर होईल.”

“मी हातही लावणार नाही. तुम्हीच पडायचं.”

“आणि काही मोडलं तर?”

“गादीवर झोपलेल्या माणसाचं काय मोडतं? आधी नुसत्या झोपा.”

झोपण्यापासून सुरुवात झाली. मग कुशीवर वळणं. मग हनुवटी छातीशी. मग पाटावर बसून बाजूला कलंडणं आणि हात गादीवर आपटणं. आणि सगळ्यात जास्त वेळ, पडल्यावर परत उठायचं कसं: आधी कूस, मग गुडघा, मग खुर्चीचा आधार. महिनाभराने चंद्रावतीबाई शेजारणीला बोलावून दाखवायला लागल्या, “हे बघ, अशी पडले तरी काही होत नाही.” शेजारीण म्हणाली, मला पण. त्या शेजारणीची बहीण, मग कुणाचे तरी निवृत्त सासरे. गाद्या पुरेनात तेव्हा रविवारी सकाळी सगळी मंडळी गिरणीत यायला लागली. नऊवारी, धोतर, पायजमा, कानटोपी, सगळं ताडपत्रीवर.

मी तो वर्ग पहिल्यांदा बघितला तेव्हा हसू आवरेना. एक आजोबा बाजूला कलंडून हात आपटायचे आणि दर वेळी “जय श्रीराम” म्हणायचे. दोन आज्या एकमेकींवर पडून हसत होत्या. मग बघता बघता हसू थांबलं. या माणसांना इतक्या वर्षांत कुणी जमिनीवर खेळू दिलं नव्हतं. तासाभराने ती उठली तेव्हा त्यांचे चेहरे लाल झाले होते, आणि घरी जायची घाई कुणालाच नव्हती. चंद्रावतीबाई सगळ्यांत पुढे बसायच्या आणि नवीन येणाऱ्याला दटावायच्या, “हनुवटी! आमच्या शशीने सांगितलंय ना?”

त्या पुन्हा देवळात जायला लागल्या. काठी घेऊन, सावकाश, पण एकट्या.

ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला शशीताई सत्त्याण्णव साली पुण्याला गेल्या. मी सोबत होतो. गुडघ्याने दगा दिला, एक डाव अर्धवट राहिला आणि त्या नापास झाल्या. परतताना पळस्प्याला उतरून आम्ही टपरीवर चहा-वडा घेतला. कोकणात जाणाऱ्या गाड्या समोरून वळत होत्या. मला त्यांच्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

“ताई, तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. मिळाला असता तर मिरवलं असतं की.” त्यांनी वड्याचा तुकडा चटणीत बुडवला. “पण गुरु, मी एकोणचाळिसाव्या वर्षी बाकावर बसून राहिले असते तर आज पुण्यात कुणी मला नापास तरी केलं असतं का?”

आणि त्यांनी अजून एक वडा मागवला.

पुढच्या वर्षीच्या परीक्षेला मी जाऊ शकलो नाही, माझी सेकंड शिफ्ट होती. पास झाल्याचा निरोप कुमाररावांनी कारखान्यात फोन करून दिला. दुसऱ्या दिवशी रविवार. पेढे घेऊन सकाळी गिरणीत गेलो तर शशीताई ताडपत्रीचे दोर ताणत होत्या, कमरेला तोच जुना ब्राउन पट्टा.

“अहो, काळा कुठाय?”

“आईंनी देवापुढे ठेवलाय,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी गणपतीचं दर्शन झाल्याशिवाय बांधायचा नाही म्हणतात. ते दुसरं टोक ओढ बघू, आजोबा येतीलच आता.”